इलेक्ट्रोलाइटची यादी वाचण्यापूर्वी

मा. महानियंत्रक,
पेटंट, डिझाइन व ट्रेडमार्क,
बौद्धिक संपदा भवन, अँटॉप हिल, मुंबई.



काही वर्षांपूर्वी मी एका प्रतिज्ञापत्रावर सही केली. वाद परदेशातला होता, लिथियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोलाइटचा. एका कंपनीकडे पेटंट होते: सिलिकॉनचा ॲनोड असलेल्या सेलमध्ये फ्लोरोइथिलीन कार्बोनेट हे ॲडिटिव्ह अमुक ते तमुक टक्के घालायचे. दुसऱ्या कंपनीला ते पेटंट रद्द करून हवे होते आणि त्यासाठी तिच्या वकिलांना याच द्रवात आयुष्य घालवलेली साक्षीदार हवी होती. मी जुने शोधनिबंध वाचले, एकाशेजारी एक मांडले आणि लिहून दिले की त्या तारखेला या विद्येतल्या कोणाही जाणकाराला हे सहज सुचले असते. प्रामाणिकपणे लिहिले. मला खरोखर तसेच वाटत होते.

वाद मिटून दोनेक वर्षे झाली होती. घर बदलताना माझ्या जुन्या प्रयोगवह्यांचा गठ्ठा निघाला. त्यातल्या २००४ सालच्या वहीत, त्या पेटंटच्या तारखेच्याही आधीच्या एका पानावर, माझ्याच अक्षरात हेच संयुग होते. आम्ही तेव्हा सिलिकॉनच्या पातळ थरांवर काम करत होतो. पुढे लिहिले होते: तापल्यावर फ्लोरिन सुटेल, हायड्रोजन फ्लोराइड (एचएफ) होईल, सेल फुगेल, या वाटेने जाऊ नये. खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

मी त्या दिवशी बराच वेळ खोक्यांच्या मध्ये बसून होते. २००४ साली मी कायद्याच्या भाषेतली जाणकार होते. मला ते सुचले नव्हते असे नाही. सुचले होते, आणि मी ते बाद केले होते. प्रतिज्ञापत्र लिहिताना मात्र यातले काहीच आठवले नाही, कारण मधल्या काळात ते ॲडिटिव्ह सगळीकडे वापरात आले होते आणि माझ्या मनाने जुनी भीती पुसून टाकली होती.

हे पत्र त्या पानामुळे लिहिते आहे. आपल्या कार्यालयाविषयी माझे गाऱ्हाणे नाही. मला बोलायचे आहे ते विचाराच्या एका सवयीबद्दल. ती मला सुटली नाही, आणि कोणत्याही देशातल्या परीक्षकाला, वकिलाला किंवा न्यायाधीशाला ती सुटणे अवघड आहे. उत्तर हातात घेऊन कोडे वाचले की कोडे सोपेच वाटते.

१९७० च्या पेटंट कायद्याचे कलम २(१)(जेए) सांगते की शोधात आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती हवी किंवा आर्थिक महत्त्व हवे किंवा दोन्ही. आणि शिवाय तो त्या विद्येतल्या जाणकाराला उघड नसावा. वादाचा सगळा भार या 'उघड' शब्दावर येतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज या खटल्यात, मिर्झापूरच्या भांडी बनवण्याच्या यंत्राच्या निमित्ताने, सांगितले की कारखान्यातली नेहमीची सुधारणा म्हणजे शोध नव्हे. ते मला पूर्ण पटते. लेथवर भांडे धरून ठेवणारी पकड डोळ्यांना दिसते, हाताला कळते. ती चालेल की नाही हे अनुभवी कारागीर आधीच सांगू शकतो. इलेक्ट्रोलाइटच्या बाबतीत आम्हाला ते सांगता येत नाही, आणि पेच तिथूनच सुरू होतो.

नेहमीच्या लिथियम-आयन सेलमधला इलेक्ट्रोलाइट म्हणजे लिथियम हेक्साफ्लोरोफॉस्फेट हा क्षार, लिटरला साधारण एक मोल, दोन-तीन कार्बोनेट द्रावकांत विरघळवलेला, आणि वर एखाद-दोन टक्के ॲडिटिव्ह. हा क्षार इतका हळवा की द्रवात पाणी दशलक्षात वीस भागांच्या वर गेले तरी आमच्या जिवात जीव नसतो; पाणी लागले की तो एचएफ सोडतो. सेल पहिल्यांदा चार्ज होताना या द्रवाचा थोडासा भाग ॲनोडवर फुटतो आणि त्याचा एक अतिशय पातळ थर धरतो, तापलेल्या दुधावर साय धरावी तसा. ही साय लिथियमला आत जाऊ देते आणि द्रावकाला बाहेर अडवते. ती नीट धरली तर बॅटरी वर्षानुवर्षे चालते, फाटकी धरली तर काही महिन्यांत संपते. आणि ती कशी धरेल हे घटकांची यादी वाचून कळत नाही. पेटंटच्या अर्जात मात्र दिसते ती यादीच.

उदाहरणादाखल दोन द्रावक घ्या, इथिलीन कार्बोनेट आणि प्रॉपिलीन कार्बोनेट. पाच अणूंचे तेच कडे, तेवढेच ऑक्सिजन. प्रॉपिलीनला फक्त एक मिथाइल गट जास्त. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यालाही ही सख्खी भावंडे वाटतील. प्रॉपिलीन कार्बोनेट उणे ४९ अंशांपर्यंत द्रव राहते. इथिलीन कार्बोनेट ३६ अंशांना वितळते, म्हणजे पुण्याच्या प्रयोगशाळेत वर्षातले बहुतेक महिने ते बाटलीत गोठलेले असते. सेलमध्ये भरायला द्रव हवा. मग जाणकार कोणाकडे वळेल? अर्थातच प्रॉपिलीनकडे, आणि सगळे वळलेही. पण १९७० साली डे आणि सुलिव्हन यांनी दाखवून दिले की ग्राफाइटवर प्रॉपिलीन कार्बोनेट फुटते. लिथियमचा हात धरून द्रावक ग्राफाइटच्या थरांत शिरते आणि ग्राफाइटचे पापुद्रे सुटतात. त्यामुळे ग्राफाइट हा चांगला ॲनोड असूनही वर्षानुवर्षे बाजूला पडून राहिला. सोनीने १९९१ साली बाजारात आणलेल्या पहिल्या लिथियम-आयन बॅटरीत ग्राफाइट नव्हता, कोक होता.

कॅनडातल्या मोली एनर्जीत रोझामारिया फाँग, उलरिक फॉन साकेन आणि जेफ डान यांनी १९९० साली प्रसिद्ध केले की इथिलीन कार्बोनेट सोबतीला असेल तर ग्राफाइट टिकतो. नुकसान होते ते पहिल्या चार्जमध्ये, साय धरताना. नंतर ते थांबते. बाटलीत गोठणारे, म्हणून कोणाला नकोसे असलेले द्रावक आज जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. इलेक्ट्रोलाइटचे द्रावक म्हणून इथिलीन कार्बोनेट १९६० च्या दशकापासून माहीत होते, ग्राफाइट तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. माहिती कागदावर होती. नव्हती ती अपेक्षा.

योगायोग असा की त्याच १९९० साली अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने डिलन खटल्यात एक जुनी धारणा पुन्हा पक्की केली: दोन संयुगांची रचना पुरेशी जवळची असेल तर एकावरून दुसरे सकृद्दर्शनी उघड मानावे, आणि ते उघड नव्हते हे अर्जदाराने दाखवावे. तो खटला इंधनात घालायच्या संयुगांचा होता. तिथे ही धारणा चालत असेल. आमच्या द्रवात मात्र या दोन भावंडांनी तिला खोटे पाडले आहे, आणि हे प्रत्येक परीक्षकाला पहिल्या आठवड्यात शिकवावे असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे हाच पेच कलम ३(ई) च्या वाटेने येतो. घटकांच्या गुणांची नुसती बेरीज होणारे मिश्रण हा शोध नव्हे, असे ते कलम म्हणते. इलेक्ट्रोलाइट म्हणजे मिश्रणच. त्यामुळे हा आक्षेप प्रत्येक अर्जावर घेता येतो, आणि घ्यावाही. इथिलीन कार्बोनेट क्षार छान विरघळवते, साय चांगली धरते, पण गोठते. डायमिथाइल कार्बोनेट पाण्यासारखे पातळ, पण त्यात क्षाराचे आयन नीट सुटे होत नाहीत. दोन्ही एकत्र केली की साध्या तापमानाला द्रव राहणारा आणि वीज चांगली वाहणारा इलेक्ट्रोलाइट मिळतो. ही बेरीज की बेरजेपेक्षा जास्त? कोणी मला म्हणाले की एकाने आपला गुण आणला, दुसऱ्याने आपला, तर मी त्याच्याशी भांडणार नाही. १९९० नंतर या जोडीकडून जे अपेक्षित होते तेच मिळाले. गोठणाऱ्या पदार्थात पातळ द्रावक मिसळून तो वाहता करणे ही आमच्या विद्येतली मिर्झापूरची पकड आहे.

म्हणजे मी अर्जदारांची वकिली करायला बसलेली नाही. माझे म्हणणे एवढेच की ग्राफाइट टिकवणे आणि गोठणारे द्रावक वाहते करणे, या दोन प्रसंगांतला फरक यादीत नाही. दोन्हीकडे माहीत असलेले पदार्थ आहेत, दोन्हीकडे मिश्रण आहे. फरक आहे तो त्या तारखेला त्या मिश्रणाकडून लोक काय धरून चालले होते यात.

याचा सर्वांत जुना धडा मला एका पाण्याच्या बॅटरीत सापडतो. १९४१ च्या डिसेंबरात, अमेरिका युद्धात उतरल्यावर पंधरवड्याच्या आत, बर्ट ॲडम्स यांनी तिथे एका बॅटरीच्या पेटंटसाठी अर्ज केला. एक ध्रुव मॅग्नेशियमचा, दुसरा क्युप्रस क्लोराइडचा, आणि इलेक्ट्रोलाइट म्हणून साधे किंवा मिठाचे पाणी. कोरडी साठवायची, लागेल तेव्हा पाणी घालायचे. ती पुन्हा चार्ज होणारी नव्हती, तरी उघडपणाचा प्रश्न तिच्याइतका स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. १९४२ च्या जानेवारीत त्यांनी ती सैन्यापुढे ठेवली. सिग्नल कोअरच्या शास्त्रज्ञांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सचे नामवंत बॅटरीतज्ज्ञ जॉर्ज विनल यांनाही शंकाच होती. १९४३ मध्ये पेटंट मिळाले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सैन्याला पटले की बॅटरी चालते. मग ती दुसऱ्या कारखान्यांकडून बनवून घेतली गेली, ॲडम्स यांना न कळवता. ते विचारत राहिले. सरकारसाठी बनलेली एक बॅटरी १९५५ मध्ये त्यांच्या पाहण्यात आली तेव्हा त्यांना हे पहिल्यांदा समजले. १९६० मध्ये भरपाई नाकारली गेली आणि प्रकरण न्यायालयात गेले.

तिथे सरकारने काय म्हटले ते पाहा. झिंकच्या जागी मॅग्नेशियम, सिल्व्हर क्लोराइडच्या जागी क्युप्रस क्लोराइड. दोन्ही अदलाबदली जुन्या पुस्तकांत आणि पेटंटांत आहेत. त्या एकत्र करणे उघड होते. ज्या सरकारच्या तज्ज्ञांना बॅटरी समोर ठेवूनही ती चालेल असे वाटले नव्हते, तेच सरकार वीस वर्षांनी ती कोणालाही सुचली असती असे सांगत होते. माझ्या वहीचे पान आणि माझे प्रतिज्ञापत्र यांच्यातही हेच अंतर आहे.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २१ फेब्रुवारी १९६६ रोजी ॲडम्स यांच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाने यादी तपासली, पण तिथे थांबले नाही. त्या काळचे समज तपासले. सर्किट जोडलेले नसतानाही चालत राहणारी आणि वापरात तापणारी बॅटरी कामाची नाही, असे तेव्हा मानले जाई. पाण्यावर चालणाऱ्या ज्या बॅटऱ्या यशस्वी होत्या, त्यांत मॅग्नेशियमला मारक असे इलेक्ट्रोलाइट असत. हे दोन्ही समज बाजूला सारल्याशिवाय कोणी ॲडम्स यांच्या जागी पोहोचू शकत नव्हते. तज्ज्ञांचा अविश्वास हाही पुरावा धरला गेला. सुनावणीत ॲडम्स यांच्या वकिलाने समोरच्या पेल्यातल्या पाण्यात छोटीशी बॅटरी टाकली आणि बारीक दिवा उजळला, असे सांगतात.

आता दुसरी बाजू, कारण आज तिचा त्रास जास्त आहे. साय धरणारी ॲडिटिव्ह एकदा माहीत झाली की त्यांच्या जोड्या लावण्याची शर्यत लागते. व्हिनिलीन कार्बोनेट अधिक हे, व्हिनिलीन कार्बोनेट अधिक ते. समजा तीस ॲडिटिव्ह माहीत आहेत. त्यांच्या जोड्या होतात ४३५, तिकड्या ४,०६०. नुसत्या जोड्याच घेतल्या आणि प्रत्येक घटकाची पाच प्रमाणे तपासायची म्हटली तरी १०,८७५ मिश्रणे होतात. एक तास चार्ज, एक तास डिस्चार्ज अशा हजार फेऱ्यांना ८३ दिवस लागतात. डलहौसी विद्यापीठात जेफ डान यांच्या गटाने ॲडिटिव्हच्या अशा मिश्रणांचा वर्षानुवर्षे पद्धतशीर अभ्यास केला. हे सावकाश आणि सचोटीने करायचे काम आहे आणि त्याबद्दल मला आदर आहे.

पण कष्ट म्हणजे शोध नव्हे. अमेरिकेत १९८० च्या कर्कहोव्हेन निकालाने सांगितले की एकाच कामासाठी माहीत असलेल्या दोन वस्तू त्याच कामासाठी एकत्र करणे उघड आहे. तिथे वस्तू कपडे धुण्याच्या पावडरी होत्या. साय धरणाऱ्या दोन ॲडिटिव्हनाही तेच लागू पडायला हरकत नाही. पुढे २००७ च्या केएसआर निकालाने म्हटले की पर्याय मोजके, ओळखीचे आणि परिणाम अंदाजात बसणारे असतील तर ते करून पाहणे उघड ठरू शकते. या वाक्यातला पहिला शब्द, मोजके, सगळे वकील धरून बसतात आणि ४३५ म्हणजे मोजके की नाही यावर पानेच्या पाने लिहितात. मला वजनदार वाटतो तो शेवटचा, अंदाजात बसणारे. दोन साय धरणारी ॲडिटिव्ह मिळून थोडी बरी साय धरतात, हे अंदाजात बसते. त्या जोडीला आधी कोणी हात लावला नव्हता एवढ्यावर पेटंट देऊ नये. मात्र एकटे घातले की सेल बिघडवणारे ॲडिटिव्ह दुसऱ्याच्या सोबतीने सेल वाचवत असेल, तर अंदाज उलटला आहे, आणि तिथे नुसती बेरीज म्हणून अर्ज परतवणे अन्याय आहे.

प्रमाणांच्या पट्ट्यांचे भांडण याहून अवघड. '०.०१ ते २० टक्के' असा दावा मी पुष्कळदा वाचला आहे. आत उदाहरणे असतात एक टक्क्याची आणि दोन टक्क्यांची. बाकीचे सगळे रान कुंपण घालून घेतलेले. पुढे कोणी आठ टक्क्यांवर खरोखर नवे काही शोधले तर त्याच्यापुढे हे कुंपण उभे राहते. अमेरिकेतल्या १९५५ च्या ॲलर निकालाचा आधार याविरुद्ध नेहमी घेतला जातो: सर्वसाधारण परिस्थिती माहीत असताना नेहमीच्या प्रयोगांनी योग्य तापमान किंवा योग्य संहती शोधणे हा शोध नव्हे. चांगला नियम आहे. तरी तोही डोळे मिटून लावता येत नाही.

इलेक्ट्रोलाइटमध्ये क्षार लिटरला एक मोलच्या आसपास का? कारण त्याच्या वर गेले की द्रव घट्ट होतो आणि वहन घटते. सगळ्या पुस्तकांत तो आलेख आहे. शिवाय पाणी १.२३ व्होल्टच्या पुढे फुटते, म्हणून पाण्याची लिथियम-आयन बॅटरी कमी व्होल्टचीच राहणार, हेही सगळ्या पुस्तकांत आहे. मेरीलँड विद्यापीठ आणि अमेरिकी सैन्याची संशोधन प्रयोगशाळा यांच्या गटाने २०१५ मध्ये एक किलो पाण्यात २१ मोल लिथियमचा क्षार विरघळवला. प्रत्येक क्षारकणामागे पाण्याचे तीनही रेणू उरत नाहीत. मोकळे पाणी जवळजवळ नाहीसे होते, ॲनोडवर पाण्यात कधी न धरणारी साय धरते, आणि तो द्रव सुमारे ३ व्होल्टपर्यंत टिकतो. कागदावर बदलला तो फक्त एक आकडा, एकाच्या जागी एकवीस. ॲलरचा नियम यांत्रिकपणे लावला तर ही नुसती संहती बदलणे ठरेल. पण कोणता जाणकार वहन मुद्दाम पाडून घ्यायच्या दिशेने वीसपट चालत गेला असता?

सोडियमबाबत हा प्रश्न आता आपल्या दाराशी आला आहे. पुण्याच्या केपीआयटीने डिसेंबर २०२३ मध्ये आयसर पुणेच्या साहाय्याने विकसित केलेले सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. मुंबईच्या रिलायन्सने ब्रिटनमधली फॅराडियन ही सोडियम-आयन कंपनी घेतली आहे. देशात प्रगत सेल बनवण्याच्या प्रोत्साहन योजनेसाठी २०२१ साली १८,१०० कोटी रुपये ठरले, लक्ष्य ५० गिगावॅट-तास. हे सेल बनतील तेव्हा त्यांत भरायचा द्रव कोणाच्या ना कोणाच्या पेटंटला घासून जाणार, आणि प्रत्येक वादात एक वाक्य येणार: लिथियमच्या इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियमच्या जागी सोडियम घालणे उघड होते. पुष्कळदा ते खरेही असेल.

पण कार्बोनेट द्रावकांत ग्राफाइट सोडियमला जवळजवळ थारा देत नाही. बिर्टे याखे आणि फिलिप आडेलहेल्म यांनी २०१४ मध्ये डायग्लाइम हे ईथर द्रावक घेतले, तेव्हा सोडियम आपल्याभोवतीच्या द्रावकासकट ग्राफाइटच्या थरांत गेला आणि हजार फेऱ्यांपर्यंत ये-जा करत राहिला. द्रावकाने थरांत शिरणे हीच लिथियमच्या लोकांची वीस वर्षांची डोकेदुखी होती. जे टाळायला आमची पिढी शिकली, त्यावरच इथे बॅटरी चालली. लिथियमच्या पुस्तकावरून सोडियमचा निकाल लावणाऱ्या परीक्षकाच्या हातून हे सहज सुटेल. माझ्या हातून तर याहून सोपे सुटले होते.

आता मागणे. आपल्या कार्यालयाने जैवतंत्रज्ञानासाठी २०१३ साली, औषधांसाठी २०१४ साली, संगणकाशी संबंधित शोधांसाठी २०१६ आणि २०१७ साली परीक्षणाच्या मार्गदर्शिका काढल्या. तशी एक विद्युत्-रसायनासाठी काढावी, मसुदा लोकांपुढे ठेवून. तिच्यात बाकी काहीही असो, एक गोष्ट असावी. कलम २(१)(जेए) खाली किंवा ३(ई) खाली अर्ज नाकारताना, आणि मंजूर करतानाही, आदेशात एक परिच्छेद आधी लिहिला जावा: अर्जाच्या अग्रक्रमाच्या तारखेला, हे घटक या प्रमाणात एकत्र केल्यावर काय होईल असे जाणकार धरून चालला होता, आणि ते कोणत्या कागदावरून दिसते. दस्तऐवज एकाला एक जोडण्याचे काम त्यानंतर. युरोपातले परीक्षक विचारतात की जाणकार हे करू शकला असता का, यापेक्षा त्याने ते केले असते का. आपल्या आदेशात त्या 'असते' ला तारीख आणि पुरावा जोडला जावा.

पुरावा म्हणून त्या काळची हस्तपुस्तके, फसलेल्या प्रयोगांचे निबंध, तारखेच्या प्रयोगवह्या मागाव्यात, दोन्ही पक्षांकडून. कलम २५(१) खाली कोणालाही ग्रँटपूर्व विरोध करता येतो. मार्च २०२४ च्या नियमांपासून त्याला शुल्क लागते आणि तो चालवण्याजोगा आहे का हे कंट्रोलर आधी पाहतात. त्या चाळणीतही हा प्रश्न विचारता येईल: विरोधक फक्त दोन निबंध शेजारी ठेवतो आहे, की त्या तारखेची अपेक्षाही दाखवतो आहे? आणि पट्टीच्या दाव्यांबाबत, पट्टीच्या आतले आणि पट्टीबाहेरचे आकडे दाखवल्याशिवाय पट्टी मिळू नये. अपेक्षा जेवढ्या भागात उलटली तेवढ्याच भागाचे पेटंट.

कलम ३(डी) चा उल्लेख करायला हवा. ज्ञात पदार्थाच्या नव्या रूपाने परिणामकारकता वाढवलेली असावी, असे ते मागते. नोव्हार्टिस खटल्यात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की परिणामकारकता ही वस्तूच्या कार्यावर, उपयोगावर, हेतूवर ठरते. औषधाची ती उपचारातली परिणामकारकता. मग इलेक्ट्रोलाइटची कोणती? वहन, फेऱ्यांची संख्या, थंडीतले चार्जिंग, की आग न लागणे? पुण्यात मार्च २०२२ मध्ये रस्त्याकडेला पेटलेल्या स्कूटरचा व्हिडिओ ज्यांनी पाहिला त्यांना शेवटचे उत्तर पहिले वाटेल. मला वाटते परीक्षकाने हे स्वतः ठरवू नये. अर्जदाराने अर्जातच सांगावे की हा द्रव कशासाठी आहे, आणि त्याच मापाने तो मोजला जावा.

मार्गदर्शिकेच्या मसुद्यासाठी किंवा परीक्षकांच्या प्रशिक्षणासाठी माझा उपयोग होणार असेल तर मी स्वखर्चाने मुंबईला येईन. सोबत दोन बाटल्या आणीन, इथिलीन कार्बोनेटची आणि प्रॉपिलीन कार्बोनेटची. वातानुकूलित खोलीत एक गोठलेली असेल, दुसरी पातळ. परीक्षकांना मी त्यांची सूत्रे दाखवीन, वितळण्याचे अंश सांगेन, आणि ग्राफाइटसाठी कोणती निवडाल ते प्रत्येकाला एका कागदावर लिहायला सांगेन, खाली तारीख आणि सही घालून. कागद गोळा झाल्यावर मग १९९० चा निबंध वाचू. त्या कागदांसोबत माझ्या २००४ च्या वहीचे ते पानही टेबलावर असेल.

आपली नम्र,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ
पुणे